समुद्रावर करावयाच्या अकरा गोष्टी

आमच्याकडचं पाणी जागचं हलत नाही. विहिरीत असतं, आडात असतं, रांजणात असतं, आणि आपण दोर सोडेपर्यंत तिथंच बसून राहतं. आळंदच्या आमच्या घरामागच्या आडावर अव्वा, म्हणजे माझी आई, रोज पहाटे अंघोळ करून उभी राहायची, गळ्यातली चांदीची करडगी उघडायची, आतलं काळंभोर इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायची आणि उजव्या हातानं तांब्यातल्या पाण्याची धार त्याच्यावर धरायची. तळहातात साठलेलं तेवढं पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकायची. मग लिंग पुसून करडगीत, करडगी गळ्यात, आणि त्यानंतरच चूल पेटायची. पूजेआधी तिनं पाण्याचा घोट घेतलेला मी कधी पाहिला नाही, तापात फणफणलेली असतानाही नाही. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की अय्या, म्हणजे आमचे पुरोहित, येऊन त्याला लिंग बांधतात. ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं, आणि मेल्यावर तेच डाव्या हातात देऊन माणसाला बसवून पुरतात. म्हणजे माणसाची आयुष्यभराची मालमत्ता सुपारीएवढी. बाकी सगळं इथंच राहतं आणि त्यावरून भावाभावांत भांडणं होतात.

पाणी स्वतःहून चालत येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढं जे झालं ते एवढ्यानंच झालं.

समुद्र बघायला जायची कल्पना बसण्णाकाकांची. ते अप्पांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ, आणि गावात ज्या ज्या गोष्टीला अध्यक्ष लागतो त्या सगळ्यांचे अध्यक्ष. अडत्यांच्या संघाचे होते, जत्रेच्या कमिटीचे होते, आणि ज्यातलं एकही पुस्तक त्यांनी उघडलं नव्हतं त्या वाचनालयाचेही होते. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूर होतं आणि काकांना वाटे की म्हैसूर राज्यात आल्यापासून समुद्रावर आपलाही हक्क लागतो, तो बजावायला हवा. त्यांनी एक बस ठरवली, तिच्यावर ‘समुद्रदर्शन सहल’ असं मराठीत आणि कानडीत रंगवलेलं कापड बांधलं आणि एक पत्रक काढलं. मथळा होता : समुद्रावर पाहण्याच्या व करण्याच्या गोष्टी. एकूण अकरा. समुद्रावरचा सूर्योदय रांगेत उभं राहून पाहणे. समुद्रस्नान, स्त्रियांनी घोट्यापर्यंत व पुरुषांनी कमरेपर्यंत. शिंपले वेचणे, प्रत्येकी पाच. शहाळे पिणे. नावेत बसणे. वाळूत आपले नाव लिहिणे व लाट ते पुसते तो चमत्कार पाहणे. बाकीच्या पाचही आता आठवतात, पण त्यातल्या दोन भाषणांच्याच होत्या. काकांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. मद्रासकडच्या एका डाळीच्या व्यापाऱ्यानं दुकानात विसरलेल्या कुठल्याशा पत्रकावरून त्यांनी ही यादी उतरवून काढली होती. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा परिणाम काय होणार हे तर काकांनाही नाही.

अप्पा आले नाहीत. तुरीचा हंगाम होता. आमचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला, मधे एक भिंत. हमाल पोतं खांद्यावरून उतरवून फरशीवर तूर ओतायचे त्याचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. आधी एकदम धबकन, मग सळसळत पसरत जाणारा, मग हळूहळू विरणारा. मी त्या आवाजातच जन्मले, त्यामुळं तो मला कधी ऐकू आला नव्हता. अप्पा अव्वाला म्हणाले, “तू जा पोरीला घिऊन. मी काय करू बघून? खारं पाणी. ना पिकाला, ना पोटाला.” मी नववीत होते. अव्वानं दोन दिवस खपून कडक भाकऱ्या भाजल्या, शेंगाचटणी कुटली, सगळं एका स्वच्छ धोतरात बांधलं. बस निघताना चाकाखाली लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला, काकांना हार घातला गेला. परतीचा हारही त्यांनी आधीच सांगून ठेवला होता.

बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर काकांची बायको, शरणम्माकाकू. काकूंचं माहेर निंबर्गा, आळंदहून हाकेच्या अंतरावर, पण त्यांच्या बोलण्यातून ते कैलासाला लागून असावं असं वाटे. विजापूर मागं पडल्यावर, बायका डुलक्या घेत असताना, त्यांनी ती गोष्ट काढली.

“आमच्या निंबर्ग्यात एकाचं लिंग विहिरीत पडलं. दोरा कुजला होता, ध्यानात न्हाई राहिलं. तीन दिवस काठावर बसला बघ. अन्न न्हाई, पाणी न्हाई. गावानं विहीर उपसली, गाळातनं लिंग काढलं, तवा उठला.”

“आन न्हाई घावलं असतं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तर काय. लिंग गेलं म्हंजी जीव गेला की. मागं काय राहायलंय मग, नुसतं मडकं.”

“मठात जाऊन दुसरं घ्येता येतंय म्हणत्यात.”

“घेणारे घेत्यात,” काकू म्हणाल्या. अव्वानं पदराआडून करडगी चाचपलेली मला दिसली. तिचा दोरा तिनं निघायच्या आदल्या दिवशीच बदलला होता, नवा, तिपेडी. दोऱ्याचा ह्या सगळ्यात काही दोष नाही.

आम्ही उतरलो ते गाव कारवारच्या अलीकडचं, कोळ्यांचं. नाव लिहीत नाही, गावाची काही चूक नव्हती. अंधारून आलं होतं, त्यामुळं समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू आला. अव्वा बसच्या पायरीवरच थांबली.

“ह्ये काय वाजायलंय?”

“समुद्र हाय ना अक्का,” ड्रायव्हर म्हणाला.

“थांबत न्हाई का?”

“न्हाई की.”

“कामून?”

ड्रायव्हरनं आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा विचार केल्यासारखं तोंड केलं आणि सामान उतरवायला वर चढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना वाळूत रांगेत उभं केलं. गोष्ट पहिली. साठ माणसं समुद्राकडे तोंड करून सूर्याची वाट बघत होती. समुद्र उजळत गेला, माणसांच्या सावल्या पाण्याकडे लांब पसरल्या, तरी सूर्य येईना. जाळं विणत बसलेला एक म्हातारा कोळी बराच वेळ हे बघत होता. शेवटी त्यानं काही न बोलता माडांकडे, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या पाठीकडे बोट दाखवलं. सूर्य तिथं कासराभर वर आला होता. यादी मद्रासकडची आणि तिथला समुद्र देशाच्या दुसऱ्या अंगाला, हे आम्हाला पुढं कळलं. काका वळले, सूर्याकडे नापसंतीनं बघितलं आणि म्हणाले, “सूर्योदय संपन्न झालेला आहे.” त्यावर जो गलका झाला, कोण हसतंय, कोण काकांची बाजू घेतंय, त्यात अव्वानं माझा हात धरला आणि आम्ही किनाऱ्यानं खडकांच्या बाजूला गेलो. तिची पूजा व्हायची होती.

शाळेच्या खोल्यांत आमची सोय होती, तिथल्या आडावर ती अंघोळ करून आली होती. तांब्या माझ्या हातात होता. तो तिनं परत वाळूत ठेवायला लावला. “एवढं पाणी असताना तांब्या कशाला गं,” म्हणाली. मला तिचा चेहरा स्पष्ट आठवतो. ती हरखली होती. आडातलं पाणी शेंदून शेंदून हाताला घट्टे पडलेल्या बाईला कुणीतरी सगळं पाणी एकदम दिलं होतं. घोट्यापर्यंत पाण्यात ती उभी राहिली, करडगी उघडली, लिंग डाव्या तळहातावर ठेवलं, आडाच्या कट्ट्यावर ठेवायची तसं. उजवी ओंजळ भरायला वाकली. मी तिच्या डाव्या बाजूला होते, दोन पावलं पुढं, शिंपला बघत.

लाट मोठी नव्हती. पुढं मी खूप लाटा पाहिल्या, त्यांच्या मानानं ती काहीच नव्हती. पण ती माझ्या गुडघ्यांमागून आली आणि परत जाताना पायाखालची वाळूच घेऊन गेली. मी आडवी झाले. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. मग मनगट कुणीतरी इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. अव्वानं मला ओढून वर काढलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंड पुसलं. आणि मग आम्ही दोघींनी एकाच वेळी बघितलं, तिनं मला कुठल्या हातानं धरलं होतं ते.

डावा.

ती ओरडली नाही. हात पालथा करून बघितला, परत उताणा केला. मग खाली बसून वाळू चाचपायला लागली, दाण्यातला खडा निवडावा तशी, सावकाश. दर लाटेला तिनं निवडलेली वाळू मोडून जायची. शेवटी थांबली. “विहीर असती तर उपसली असती,” म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, “कुणाला सांगायचं न्हाई. काकूला तर न्हाईच न्हाई.”

रिकामी करडगी गळ्यात घालून ती परत आली आणि दिवसभर तिनं अकरातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टी केल्या. नावेत बसली. पाच शिंपले वेचले. काकांनी काठीनं वाळूत जागा आखून दिली, तिथं तिनं आपलं नाव लिहिलं, नीलम्मा. लिहिता तिला तेवढंच यायचं. लाट आली, नाव गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शहाळं तिनं हातात घेतलं, काकू दुसरीकडं बघताहेत असं पाहून मला दिलं. तिच्या वाटणीचं शहाळं मी प्यायले. ते गोड होतं, हे मला अजून पचत नाही.

जेवणाला बसली नाही तेव्हा काकूंनी विचारलं, “कामून गं नीलम्मा? आज सोमवार बी न्हाई.”

“नवस हाय.”

“पाणी बी न्हाई?”

“पाणी बी न्हाई.”

काकूंनी ते काकांच्या कानावर घातलं. संध्याकाळी काकांनी सगळ्यांना गोळा करून, समुद्राकाठी निर्जळी उपवास करणारी ही आपल्या तालुक्यातील पहिलीच महिला, असं भाषण केलं आणि स्वतःच्या गळ्यातली शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. अव्वा खाली मान घालून उभी. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि त्यांवर मिठाचा पापुद्रा होता. लोक टाळ्या वाजवत होते. समारंभ म्हटला की मी अजून दाराजवळची जागा धरते ती त्या संध्याकाळपासून. पुढं नोकरीत मला दोनदा शाल घातली गेली. दोन्ही वेळा मी ती खांद्यावर टिकू दिली नाही. लोकांना तो विनय वाटला.

रात्री झोपताना मी तिला म्हटलं, “अव्वा, पाणी पी की. गावाला गेल्यावर अय्या दुसरं देतील.” ती म्हणाली, “नीज.” परतीचा प्रवास दोन दिवसांचा होता, उन्हाचा. निंबर्ग्याचा तो माणूस तीन दिवस बसला होता, पण सावलीत, आणि त्याच्यासाठी सगळं गाव विहीर उपसत होतं.

उजाडता उजाडता मी एकटी खडकांपाशी गेले. आधी खरंच शोधलं, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. पाणी मागं हटलेलं होतं. मी गुडघ्यांवर बसून खडकांच्या सांदीसांदीत हात घातला. तिथं काळे गोटे होते, शेकड्यांनी, झिजून गुळगुळीत झालेले. लिंगावर काळ्या लेपाचं कवच असतं, हाताला किंचित ऊबदार, हलकं लागतं. हे गोटे गार आणि जड. त्यातला एक मी निवडला. बराच वेळ निवडला. खालून सपाट, वरून गोल, सुपारीहून जरा मोठा. फ्रॉकला पुसला.

अव्वा शाळेच्या ओसरीवर भिंतीला टेकून होती. मी मूठ तिच्यापुढं उघडली. “घावलं.”

तिनं ते उचललं. बोटांनी फिरवलं. अंगठा त्याच्या माथ्यावरून एकदा नेला. माझ्याकडं बघितलं. माझ्या फ्रॉकचा पुढचा भाग ओला होता, गुडघे खरचटले होते, फुटलेल्या बांगडीची जखम चिघळली होती. हे सगळं तिनं पाहिलं.

“कुठं?”

“तितंच. खडकाच्या खाली अडकलं होतं.”

तिनं गोटा पदरानं पुसला. मग म्हणाली, “तांब्या आण.”

डाव्या तळहातावर ठेवून तिनं त्याच्यावर धार धरली, डोळे मिटले, ओठ हलले, आणि तळहातातलं पाणी प्यायली. चेहरा क्षणभर आक्रसला. मग तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा केला आणि म्हणाली, “भाकर दे.” कडक भाकरी मोडल्याचा तो आवाज. तिनं दीड भाकरी खाल्ली, चटणीसकट. गोटा करडगीत बसेना, झाकण थोडं उघडं राहायचं. गावी आल्यावर तिनं सोनाराकडून मोठी करडगी करवून घेतली. अप्पांना सांगितलं, जुनी चेपली होती. काकांच्या अहवालात लिहिलं होतं की सर्व अकरा गोष्टी यथासांग पार पडल्या.

आम्ही परतलो त्या दुपारी दुकानात पोतं उतरलं. तूर फरशीवर ओतली. आणि स्वयंपाकघरात अव्वाचा भाकरी थापणारा हात थांबला. माझंही पुस्तक थांबलं. धबकन, मग सळसळ, मग विरत जाणं. भिंतीपलीकडं समुद्र आला होता. तेव्हापासून तो आमच्या घरातून गेला नाही. हंगामात दिवसाला चाळीस-पन्नास वेळा यायचा. प्रत्येक वेळी तिचा हात थांबायचा, फरशीवरची तूर पसरून होईपर्यंत, आणि मग पुन्हा चालू व्हायचा. अप्पांना वाटायचं, बाई थकली. एकदा मी विचारलं, “काय ऐकायलीस?” ती म्हणाली, “मागायलंय.” काय मागतंय ते मी विचारलं नाही. दगड मागत होतं, की मला, हे मला आजही कळलेलं नाही. दोन्ही तिथूनच उचलून आणलेले.

पुढं मी शिकले, बीदरला कॉलेजात शिकवू लागले, देवाधर्मावर जे वाचायचं ते वाचलं, आणि एका उन्हाळ्यात गळ्यातलं लिंग काढून लोखंडी कपाटात ठेवलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा अव्वाच्या लगेच ध्यानात आलं. तिचे केस पिकले होते, दात पडत होते.

“गळ्यातलं कुठं हाय?”

“कपाटात.” मी भांडायच्या तयारीनं बसले होते. मुद्देही काढून ठेवले होते.

“कपाटात तर कपाटात,” ती म्हणाली. “कुठं हाय ते ठावं हाय की तुला.”

माझे मुद्दे जागच्या जागी राहिले. ती शेंगा फोडत होती. दोन-चार फोडून झाल्यावर म्हणाली, “पयल्या दिवशी तीर्थ खारट लागलं बघ.”

“मग का घेतलंस?”

“तू आणलं होतंस.” मग थोड्या वेळानं, “आन त्ये तितं राहिलेलं, त्याची काळजी न्हाई मला. त्याला चोवीस तास पाणी घालायलंय कुणीतरी. माझ्या हातात मात्र माझंच द्या. दुसऱ्याचं नको.”

यातलं ‘माझं’ म्हणजे कुठलं, ते मी विचारू शकले असते. शेंगा संपल्या आणि ती उठली.

ती गेल्याची तार बीदरला आली तेव्हा मी कपाट उघडलं आणि माझं लिंग पर्समध्ये टाकलं. बसमध्ये सगळा वेळ एकच ठरवत होते. ती जन्मभर श्रद्धेनं जगली, आणि तिच्या हातात मी एका खोटेपणानं उचललेला गोटा देऊन तिला मातीत बसवणार. माझं तरी खरं होतं, अय्यांनी बांधलेलं. ते देता येईल. मला काय उपयोग त्याचा. माणूस श्रद्धेतून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच्या श्रद्धेची फार काळजी घेऊ लागतो.

सोप्यात तिला भिंतीशी बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. काका आता वाकले होते, तरी माणसांना कुठं उभं राहायचं ते सांगत होते. अय्या म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं हातांनी करत. मला म्हणाले, “लेक हाईस ना. काढ.”

मी तिच्या गळ्यातली करडगी उघडली. माझी दुसरी मूठ पदराआड होती, तिच्यात माझं. मी तिचा डावा हात सरळ केला. त्या हाताची बोटं किंचित वाकलेली होती, काहीतरी धरल्यासारखी. माझ्या मनगटावर बांगडीचा व्रण अजून आहे. तो मला त्या हाताशेजारी दिसला, आणि माझी पदराआडची मूठ उघडली नाही.

मी गोटा अय्यांच्या हातात दिला. त्यांचा अंगठा त्याच्या माथ्यावरून फिरला आणि थांबला. त्यांनी तो तळहातावर हलकेच तोलला. आयुष्यभर त्यांनी लिंगं बांधली होती. त्यांनी न दिसणारे डोळे माझ्याकडं वळवले.

“हे अक्काचंच का?”

सोप्यात सगळे बघत होते. काकूही.

“व्हय,” मी म्हटलं. “तिचंच हाय.”

अय्यांनी मान हलवली, गोटा तिच्या तळहातावर ठेवला, वर बेलाचं पान ठेवलं आणि बोटं मिटवली.

सगळे मातीला गेले, परत आले, अंघोळी झाल्या. दुकान बंद होतं, तूर ओतली जात नव्हती, घरात कसलाच आवाज नव्हता. मी मागच्या अंगणात गेले. आड बुजवून तिथं बोअर घेतला होता. तांब्या भरला, पर्समध्ये परत ठेवलेलं माझं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि कितीतरी वर्षांनी त्याच्यावर धार धरली. तळहातातलं पाणी प्यायले. खारट लागलं. आमच्याकडं बोअरचं पाणी खारटच असतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खात्री करायला तांब्यातलं नुसतं पाणी पिऊन बघावं, तेवढं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.